कादंबरीकाराचीं गाणीं

कादंबरीकारानें लिहिलेली कविता वाङ्मयाच्या दरबारांत नेहमींच थोडी संशयित ठरत आली आहे. कवीनें कादंबरी लिहिली तर ती त्याची हौस म्हणून आपण कौतुकानें वाचतों. परंतु कादंबरीकारानें कवितेस हात घातला कीं, हा गृहस्थ आपलें शेत सोडून दुसऱ्याच्या बांधावर कशाला चढला, असा प्रश्न टीकाकाराच्या मनांत प्रथम उभा राहतो. टॉमस हार्डीला या प्रश्नानें अखेरपर्यंत सोडलें नाहीं. 'टेस' (१८९१) आणि 'ज्यूड' (१८९५) या कादंबऱ्यांवरून इंग्लंडांत मोठा गहजब झाला. एका बिशपानें तर 'ज्यूड'ची प्रत आपण आगींत टाकल्याचें वर्तमानपत्रांत पत्र लिहून जाहीर केलें. त्यानंतर हार्डीनें नवी कादंबरी लिहिली नाहीं. १८९८ सालीं 'वेसेक्स पोएम्स' हा त्याचा पहिला काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला तेव्हां तो अठ्ठावन्न वर्षांचा होता. तेथून १९२८ च्या जानेवारींत मृत्यु येईपर्यंत त्यानें पद्यरचनेस वाहून घेतलें, आणि त्याच्या कवितांची संख्या नऊशेंच्या वर गेली. या कवितांत शब्द अडखळतात, चरण ओबडधोबड आहेत, नाद साधत नाहीं, ही तक्रार पहिल्या संग्रहापासूनच सुरू झाली होती. आणि तरी नवल असें कीं, ज्या कवीस नाद नाहीं म्हणून हिणविलें, त्याच्याच कविता विसाव्या शतकांतील इंग्रज स्वरकारांनीं गाण्यासाठीं पुन्हां पुन्हां निवडल्या. गुस्टाव्ह होल्स्ट, जॉन आयर्लंड, बेंजामिन ब्रिटन हे सारे त्याच्याकडे वळले; जेरल्ड फिंझी या एकट्यानें त्याच्या चाळीसांहून अधिक कवितांना स्वर दिले. असें कां व्हावें, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम 'गाणें' या शब्दाविषयीं. मराठी वाचकास गाणें म्हटलें कीं भावगीत आठवतें, आणि तें साहजिकही आहे, ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ग. ना. जोशी यांच्या ध्वनिमुद्रिकेवरून घरोघरीं गेली तेव्हांपासून कविता आणि चाल यांचा संसार आपल्याकडे सुखानें चालला आहे. पण युरोपांतील ज्या गीतप्रकारास आपण येथें कलागीत म्हणूं, त्याची घडण निराळी आहे. भावगीतांत चाल हा मुख्य जीव. वाद्यें तिच्या मागून चालतात, आणि गायक एखादी जागा आपल्या मगदुराप्रमाणें घेतो तेव्हां श्रोता खुषीनें मान डोलावतो. कलागीतांत स्वरकारानें प्रत्येक स्वर कागदावर लिहून ठेवलेला असतो. तो बदलण्याची गायकास मुभा नाहीं. दुसरी आणि अधिक महत्त्वाची गोष्ट अशी कीं, पियानो तेथें नुसता साथीला बसलेला नसतो. तो दुसरें पात्र असतो. शूबर्टनें १८१५ सालीं गटेच्या 'एर्लकोनिग' या कवितेस स्वर दिले. त्यांत बाप बोलतो, भेदरलेलें मूल बोलतें, आणि त्या दोघांच्या खालीं घोड्याच्या टापा पियानो वाजवीत राहतो. कधीं कधीं गाणारा थांबल्यावरही पियानो बराच वेळ एकटाच बोलत असतो. हें शेवटचें वैशिष्ट्य वाचकानें ध्यानांत ठेवावें. हार्डीच्या बाबतींत सारी किल्ली तेथेंच आहे असें मला वाटतें.

हार्डीचा बाप डॉर्सेट परगण्यांतील एका खेड्यांत बांधकामाचा धंदा करी. पण त्या घराची खरी पिढीजात दौलत संगीताची होती. आजा चेलो वाजवी, बाप व चुलता व्हायोलिन वाजवीत, आणि जवळच्या स्टिन्सफर्ड गांवच्या देवळांत दर रविवारीं ही मंडळी सज्जांत बसून स्तोत्रांना साथ करीत. असे ग्रामीण ताफे त्या काळीं इंग्लंडांत पुष्कळ होते. पुढें देवळादेवळांतून ऑर्गन आला आणि ते एकामागून एक उठले. स्टिन्सफर्डचा ताफा हार्डीला समज येण्यापूर्वींच मोडला, परंतु त्याच्या आठवणी घरांत जिवंत होत्या. 'अंडर द ग्रीनवुड ट्री' (१८७२) ही त्याची कादंबरी म्हणजे या ताफ्याचें प्रेमळ श्राद्धच होय. या वादकांच्या हस्तलिखित वह्यांत एका टोकास नाताळचीं भजनें असत, आणि वही उलटी धरली कीं दुसऱ्या टोकापासून नाचाच्या गती सुरू होत. हार्डीचें सारें काव्य या वहीसारखें आहे असें म्हटलें तर फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. तो स्वतः तरुणपणीं लग्नासमारंभांतून व्हायोलिन वाजवीत असे. लहानपणीं बाप संध्याकाळीं वाजवावयास बसला कीं कांहीं गतींनीं त्याच्या डोळ्यांस पाणी येई, आणि तें कोणास दिसूं नये म्हणून तो पोर नाचत राही.

म्हणजे ज्यास टीकाकार नादहीन म्हणत, त्याचे छंद मूळचेच गाण्यांतून निघालेले होते. फक्त ते टेनिसनच्या किंवा स्विनबर्नच्या गाण्यांतून निघालेले नव्हते. स्तोत्रांचे चौचरणी बंध, नाचाच्या गतींचे तुटक ठेके, खेडवळ पोवाड्यांचीं पालुपदें हें त्याचें भांडवल. शिवाय तो सोळाव्या वर्षापासून वास्तुशिल्पकाराच्या हाताखालीं शिकला होता, आणि जुन्या गॉथिक देवळांच्या दुरुस्तीचें काम त्यानें वर्षानुवर्षें केलें होतें. गॉथिक कारागीर दोन कमानी मुद्दाम तंतोतंत सारख्या करीत नाहीं. आपणही चरणांच्या बाबतींत तेंच तत्त्व पाळतों, असा त्याचा स्वतःचा खुलासा आहे. आपली ओवी जात्याच्या फेऱ्यावर जन्मली. कागदावर मोजूं लागलें तर तिचीं अक्षरें कमीअधिक भरतात, पण म्हणून तिला बेताल म्हणण्याचें धाडस कोणी करीत नाहीं. हार्डीच्या टीकाकारांनीं तें केलें, कारण त्यांनीं त्या कविता फक्त डोळ्यांनीं वाचल्या.

तथापि एवढ्यानें प्रश्न सुटत नाहीं. स्तोत्राच्या छंदांत लिहिणारे कवि शेंकडों झाले. त्या सर्वांकडे स्वरकार धांवले नाहींत. हार्डीकडे ते गेले याचें खरें कारण तो कादंबरीकार होता हेंच आहे. शुद्ध भावकवि 'मी' म्हणून बोलतो आणि त्याचें बोलणें त्या एका क्षणापुरतें असतें. हार्डीच्या कवितेंत बहुधा दोन क्षण असतात: एक त्या वेळचा, आणि दुसरा पुष्कळ वर्षांनंतर मागें वळून पाहणाराचा. पात्र सुखानें बोलत असतें, आणि त्याच्या पाठीमागें निवेदक उभा असतो. पुढें काय होणार आहे हें त्या निवेदकास ठाऊक असतें, पण तो बोलत नाहीं. कादंबरींत याच माणसास चारशें पानें मिळत. कवितेंत त्यास बारा ओळी मिळाल्या, त्यामुळें तो जवळजवळ मुका झाला. कलागीतांत या मुक्या निवेदकास वाचा फुटते. गायक हा पात्र होतो, आणि पियानो निवेदक.

जातां जातां एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. हार्डीच्या कादंबऱ्यांनाही संगीताचा साज चढविण्याचा प्रयत्न झाला. फ्रेडरिक देर्लांजे या स्वरकाराचा 'टेस'वरील ऑपेरा १९०६ च्या एप्रिलांत नेपल्स येथें रंगभूमीवर आला, आणि त्याच दिवसांत व्हेसूव्हियस ज्वालामुखीचा स्फोट होऊन नाट्यगृहाचे दरवाजे बंद झाले. दैवाचा असा कावा हार्डीनें एखाद्या कादंबरींत घातला असता तर टीकाकारांनीं त्यास अतिरंजित म्हटलें असतें. पुढें १९०९ सालीं तो ऑपेरा लंडनला झाला व स्वतः हार्डीनें तो पाहिला. पण तें नाटक टिकलें नाहीं. होल्स्टनें १९२७ सालीं 'एग्डन हीथ' ही वाद्यवृंदासाठीं केलेली रचना मात्र टिकली, पण तींत मानवी आवाज नाहीं. 'द रिटर्न ऑफ द नेटिव्ह'च्या पहिल्या प्रकरणांतील तें उजाड माळरानच तेवढें आहे. कादंबरी संगीताला पेलत नाहीं, कादंबरीकाराची कविता मात्र पेलते, हा भेद मला अर्थपूर्ण वाटतो.

आतां फिंझीविषयीं. तो १४ जुलै १९०१ रोजीं लंडनमध्यें जन्मला. घराणें मूळचें इटलींतील ज्यू, बाप जहाजांच्या दलालींत. अठरा वर्षांचा होण्यापूर्वीं त्यानें बाप गमावला, तीन भाऊ गमावले, आणि ज्या अर्नेस्ट फॅररपाशीं तो संगीत शिकत होता तो गुरुही १९१८ सालीं फ्रान्सच्या रणांगणावर पडला. अशा मुलाच्या हातीं हार्डीच्या कविता पडल्यावर त्यास त्यांत परकें असें कांहींच वाटलें नसावें. एकविसाव्या वर्षाच्या सुमारास त्यानें हार्डीच्या सहा कवितांचा 'बाय फुटपाथ अँड स्टाइल' हा गुच्छ पुरुषी आवाज व चार तंतुवाद्यें यांसाठीं रचला. पुढें तो पसंत न पडून मागेंही घेतला. नंतर मात्र पियानो हेंच वाद्य त्यानें या गाण्यांसाठीं कायम केलें. 'अ यंग मॅन्स एक्झॉर्टेशन' (१९३३ मध्यें प्रथम गायिला गेला), 'अर्थ अँड एअर अँड रेन' (१९३६) आणि 'बिफोर अँड आफ्टर समर' (१९४९) हे त्याचे तीन मुख्य गुच्छ. प्रत्येकांत दहा गाणीं. पहिल्याचे दोन भाग आहेत, आणि त्यांच्या शिरोभागीं नव्वदाव्या स्तोत्रांतील सकाळीं फुलणाऱ्या व संध्याकाळीं सुकणाऱ्या गवताचे लॅटिन शब्द घातले आहेत. हा मनुष्य पुढें हॅम्पशायरमधील अ‍ॅशमन्सवर्थ येथें डोंगरमाथ्यावर घर बांधून राहिला. इंग्लंडांतून नाहींशा होऊं लागलेल्या सफरचंदांच्या जुन्या जाती त्यानें आपल्या बागेंत जतन केल्या, आणि काव्याचा व वाङ्मयाचा जो ग्रंथसंग्रह जमविला तो रेडिंगच्या विद्यापीठाकडे गेला. नाहीसें होणारें धरून ठेवावयाचें, हा त्याचा स्वभावच होता.

फिंझीची पद्धत वरवर पाहतां अगदीं साधी आहे. एका अक्षरास एक स्वर. शब्दांची पुनरुक्ति नाहीं. कवितेंतील एकही ओळ गाळावयाची नाहीं. आणि बोलतांना जेथें जोर पडेल तेथेंच सुरांत जोर. आपल्या आलापप्रिय कानास हें कांहींसें कोरडें वाटण्याचा संभव आहे. पण हार्डीच्या कवितेस हीच पद्धत मानवते, कारण तिचा प्राण बोलण्यांत आहे. 'द सेल्फ-अनसीइंग' हें गाणें पाहा. कविता अवघी बारा ओळींची. म्हातारा कवि आपल्या जन्मघरीं उभा आहे: फरशी झिजलेली, दार बुजविलेलें. या खोलींत आई शेकोटीकडे पाहत बसे, बाप व्हायोलिन वाजवी, पोर नाचे. तें सारें सुखानें उजळलेलें होतें, आणि आम्हां तिघांचेंही लक्ष मात्र दुसरीकडे होतें. हाच तो डोळ्यांतलें पाणी लपविण्यासाठीं नाचणारा मुलगा! फिंझीनें येथें कसलीही सजावट केली नाहीं. नाच आला कीं संगीत थोडें ऊब धरतें, आणि अखेरच्या ओळीशीं मावळतें. पात्राला जें तेव्हां दिसलें नाहीं तें स्वरांना दिसत असतें. मी कित्येक वर्षें वर्गांत हार्डीच्या कादंबऱ्या शिकविल्या. दैव, योगायोग आणि काळ यांवर विद्यार्थ्यांना पानेंच्या पानें टिपणें दिलीं. हें दोन-तीन मिनिटांचें गाणें ऐकविलें असतें तर त्यांतील बरींच टिपणें वाचलीं असतीं.

'व्हेन आय सेट आउट फॉर लिऑनेस' ही कविता तर आनंदाची. १८७० च्या मार्चांत हार्डी एका जीर्ण देवळाची पाहणी करावयास कॉर्नवॉलला गेला आणि तेथें त्यास एमा गिफर्ड भेटली. तिच्याशींच पुढें त्याचा विवाह झाला. तो संसार अखेरीस कडू झाला, आणि १९१२ च्या नोव्हेंबरांत ती अकस्मात् वारल्यावर पश्चात्तापाच्या ज्या कविता त्यानें लिहिल्या त्या इंग्रजीतील उत्तमोत्तम शोकगीतांत मोडतात. 'लिऑनेस' ही कविताही ग्रंथरूपानें १९१४ सालींच, त्या शोकगीतांच्या शेजारीं, प्रसिद्ध झाली. म्हणून तींतील उत्साहाच्या मागें काय उभें आहे हें वाचकास ठाऊक असतें. फिंझीनें तिला वाटचालीचा ठेका दिला आहे; तरुण झपाझप चालला आहे, पण त्याच्या पायांखालच्या सुरांत एक काळोखी आहे. 'टु लिझ्बी ब्राउन' या नऊ कडव्यांच्या गीतांत, वेळीं न मागितलेल्या मुलीचें नांव म्हातारा पुरुष पुन्हां पुन्हां घेतो. कागदावर हें पालुपद कंटाळवाणें वाटतें, गातांना वाटत नाहीं.

परंतु उत्तम कवितेस संगीत लावावेंच कां, असा एक जुना आक्षेप आहे. जी कविता स्वयंपूर्ण आहे तिला चाल लावणें म्हणजे संगमरवरी पुतळ्यास रंग देणें होय, असें मानणारे रसिक युरोपांतही आहेत आणि आपल्याकडेही. १९५५ सालीं लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्यें फिंझीनें स्वरकार व शब्द यांच्या संबंधावर व्याख्यानें दिलीं. कवितेला संगीताची गरज आहे म्हणून स्वरकार तिच्याकडे जात नाहीं. ती वाचून तो हलतो, आणि तिच्याशीं एकरूप होऊन ती दुसऱ्यास द्यावी असें त्यास वाटतें, एवढेंच त्याचें समर्थन, अशी त्याची भूमिका होती. ही भूमिका नम्र आहे म्हणून मला ती पटते. मराठींत या प्रकारचें जवळचें उदाहरण चिं. त्र्यं. खानोलकर यांचें. कादंबरी त्यांनीं स्वतःच्या नांवानें लिहिली व कविता 'आरती प्रभु' या नांवानें. जणुं काय दोन माणसांनीं एकमेकांच्या दारांत पाऊल टाकूं नये. पण हृदयनाथ मंगेशकर यांनीं त्यांच्या कवितांना दिलेल्या चाली ऐकतांना कोंकणांतील जो अंधार 'रात्र काळी घागर काळी'च्या पानांत आहे तोच सुरांत उतरलेला जाणवतो. चाल देणारानें तें दुसरें दार उघडलें, असेंच म्हणावें लागेल.

ब्रिटनचा मार्ग अगदीं वेगळा. त्यानें आठ कवितांचा 'विंटर वर्ड्स' हा गुच्छ १९५३ सालीं रचला आणि पीटर पिअर्स या गायकानें तो स्वतः ब्रिटनच्या पियानोबरोबर प्रथम गायिला. ब्रिटन मुळांत नाटकाचा माणूस; त्यानें हार्डीच्या कवितांतील प्रसंग उचलले. आगगाडींतून एकटाच रात्रीं चाललेला मुलगा आहे, तेथें पियानोंत गाडीची शिट्टी आहे. रेल्वे-स्टेशनावर हातकड्या घातलेल्या कैद्यापुढें व्हायोलिन वाजविणारें पोर आहे, तेथें पियानो व्हायोलिनच्या मोकळ्या तारा जुळविल्यासारखा वाजतो. 'द क्वायरमास्टर्स बरिअल' या गाण्यांत वृद्ध वादकाच्या थडग्यापाशीं त्याचें आवडतें स्तोत्र वाजवूं देण्यास पाद्री नकार देतो, आणि मध्यरात्रीं त्याला त्याच जागीं शुभ्र वस्त्रें नेसलेले कोणी गातांना दिसतात. कवितेंत ज्या स्तोत्राचें नांव आलें आहे त्याचीच चाल ब्रिटननें पियानोंत गुंफली. स्टिन्सफर्डचा मोडलेला ताफा असा शंभरावर वर्षांनीं पुन्हां वाजला. येथें फिंझीपेक्षां ब्रिटन हार्डीच्या अधिक जवळ गेला, हें कबूल केलें पाहिजे.

दोघांनींही 'प्राउड साँगस्टर्स' ही एकच कविता घेतली आहे, आणि त्यांतला फरक फार बोलका आहे. आज झाडावर असे गात आहेत कीं जणुं सारा काळ यांचाच, ते पक्षी वर्षापूर्वीं पक्षी नव्हतेच; ते धान्याचे कण होते, माती, वारा आणि पाऊस होते. ब्रिटनचें गाणें झपाट्याचें, कंपनांनीं भरलेलें, क्षणांत संपणारें. तो पक्ष्यांच्या बाजूनें गातो. फिंझी आवाज येण्यापूर्वींच पियानोस एकट्याला बराच वेळ बोलूं देतो. तो मातीच्या बाजूनें गातो. आपल्या गुच्छाचें नांवही त्यानें या मातीवरूनच ठेवलें.

फिंझीचे दोष दिसत नाहींत असें नाहीं. सलग दहा गाणीं ऐकलीं कीं एकसुरीपणा जाणवतो. त्याचा पियानो कोठें कोठें ऑर्गनसारखा जड होतो. विनोदाचीं गाणीं त्यास बेताचींच साधतात. शिवाय तो काम अतिशय सावकाश करी. एखाद्या कवितेच्या चार ओळींस स्वर सुचले कीं ते टिपून ठेवी, आणि उरलेल्या ओळी पुढें दहा-वीस वर्षें वाट पाहत. १९५१ सालीं त्यास रक्ताचा असाध्य आजार असल्याचें निदान झालें व थोडींच वर्षें हातीं असल्याचें कळलें. १९५६ च्या सप्टेंबरांत ग्लॉस्टरच्या संगीतोत्सवाच्या वेळीं तो व वृद्ध व्हॉन विल्यम्स जवळच्या चोझन टेकडीवर गेले. तेथें एका झोंपडींत मुलांना कांजिण्या आल्या होत्या. दुबळ्या झालेल्या शरीरास तेवढेंच पुरलें. २७ सप्टेंबर रोजीं तो वारला.

मागें राहिलेल्या कागदांतून त्याची पत्नी जॉय, मुलगा क्रिस्टोफर व मित्र हॉवर्ड फर्ग्युसन यांनीं हार्डीच्या पुऱ्या झालेल्या गाण्यांचे आणखी दोन गुच्छ १९५८ सालीं प्रसिद्ध केले. 'टिल अर्थ आउटवेअर्स' या गुच्छांतील चंद्रग्रहणावरचें गाणें १९२९ चें, आणि त्याच गुच्छांतील 'इट नेव्हर लुक्स लाइक समर' हें मृत्यूच्या वर्षांतलें. मध्यें सत्तावीस वर्षें गेलीं, एक महायुद्ध झालें, रोग आला. पण तारखा झांकून ऐकलें तर कोणतें गाणें तरुणाचें आणि कोणतें मरणोन्मुखाचें, हें कानास सांगतां येत नाहीं.